शिवेवरची गोष्ट : पृथ्वीच्या चुंबकीय कुंपणाचा शोध आणि त्यातल्या फाटकाचा वाद

मुंबईत शीव नावाचे स्थानक आहे. तेथून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या मनात येत असेल की या नावाचा अर्थच मुळी हद्द असा आहे. एके काळी मुंबईचे बेट तेथे संपत असे. गावाची शीव अशीच असते; एखादा दगड, एखादे झाड, एखादे दैवत सोडले तर ती डोळ्यांना दिसत नाही, पण ती कोठे आहे हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

पृथ्वीलाही अशी एक शीव आहे. ती जमिनीवर नाही. सूर्याच्या बाजूला, पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ६४,००० किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या दहापट अंतरावर ती असते. तिच्या अलीकडे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे राज्य आणि पलीकडे सूर्याकडून अखंड वाहत येणाऱ्या विद्युतभारित कणांचे. ती कोठे आहे हे १९६१ पर्यंत कोणालाच माहीत नव्हते आणि ती बंद आहे की उघडी, या प्रश्नावर पुढे अर्धशतक वाद चालला. आजचा धागा त्या वादाचा आहे. लांबला आहे, सवडीने वाचावा.

सुरुवात मात्र अंतराळात करता येत नाही. ती कुलाब्याला करावी लागते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन हा इंग्लिश खगोलनिरीक्षक दुर्बिणीतून पडद्यावर पडलेली सूर्याची प्रतिमा पाहून डागांची चित्रे काढीत होता. अचानक डागांच्या एका समूहावर दोन तेजस्वी पांढरे ठिपके उजळले आणि काही मिनिटांत विझले. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर ज्ञात इतिहासातील सर्वांत प्रचंड चुंबकीय वादळांपैकी एक वादळ आले. युरोपातील अनेक वेधशाळांतल्या यंत्रांचे काटे मोजपट्टीच्या बाहेर गेले, म्हणजे वादळ किती मोठे होते ते मोजण्याची सोयच तेथे उरली नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मात्र नोंदी टिकल्या. त्या काळी तेथील निरीक्षक यंत्राचे आकडे डोळ्यांनी वाचून हाताने वहीत उतरवीत असत. चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचे त्या आकड्यांत दिसते. मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्षसिंग लखिना आणि सहकाऱ्यांनी परदेशी संशोधकांबरोबर २००३ मध्ये याच जुन्या वह्यांच्या आधारे त्या वादळाचे मोजमाप पुन्हा मांडले, आणि आज जगभर १८५९ च्या वादळाची चर्चा होते तेव्हा कुलाब्याचा आलेख पुढे केला जातो. हातात लेखणी घेऊन ते आकडे उतरवणाऱ्या माणसांना आपण काय टिपतो आहोत हे कळणे शक्य नव्हते. (मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यांनी यंत्रे बिघडणार, म्हणून ही चुंबकीय वेधशाळा विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागला हलवली गेली. कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी १९१० मध्ये ग्रंथरूपाने छापल्या, त्यांवर वेगळा धागा लिहावा अशी त्यांची योग्यता आहे.)

सूर्यावर काहीतरी घडते आणि दीड-दोन दिवसांनी, क्वचित त्याहून लवकर, पृथ्वीवरचा चुंबक थरथरतो. प्रकाशाला हे अंतर तोडायला आठ मिनिटे पुरतात. मग एवढ्या सावकाशीने येते ते काय?

१९३० साली सिडनी चॅपमन आणि त्यांचे तरुण शिष्य व्हिन्सेंझो फेरारो यांनी उत्तर सुचवले. सूर्यातून धन आणि ऋण कणांचा मिळून एक ढग सुटतो. एकंदरीत तो ढग विद्युतदृष्ट्या उदासीन, पण विजेचा उत्तम वाहक. असा ढग पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर येऊन आदळला की त्याच्या दर्शनी पृष्ठभागावर विद्युतप्रवाह सुरू होतात, ते प्रवाह चुंबकीय क्षेत्राला ढगात शिरू देत नाहीत आणि क्षेत्र ढगाला आत येऊ देत नाही. परिणामी ढगात एक पोकळी कोरली जाते व त्या पोकळीत पृथ्वी सुखरूप बसते. त्या दोघांपाशी ना उपग्रह होता ना अंतराळातले एकही मोजमाप. जमिनीवरच्या चुंबकसूच्यांच्या हालचालींवरून त्यांनी हजारो किलोमीटर दूरच्या हद्दीचे चित्र रेखाटले आणि ते बहुतांशी बरोबर निघाले. एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून निसटली. त्यांच्या मते ही पोकळी वादळापुरती होती. ढग निघून गेला की हद्दही विरघळणार.

वारा कायम वाहतो, ही कल्पना यायला आणखी वीसेक वर्षे लागली. धूमकेतूंच्या शेपट्या नेहमीच सूर्याच्या विरुद्ध दिशेला का असतात, याचा विचार करताना जर्मनीत लुडविग बियरमान यांनी १९५१ मध्ये असा तर्क मांडला की सूर्यातून कण सतत आणि सगळ्या दिशांना बाहेर पडत असले पाहिजेत. १९५८ मध्ये शिकागोच्या यूजीन पार्कर यांनी त्याचे गणित केले : सूर्याचे बाह्य आवरण इतके तप्त आहे की ते स्थिर राहूच शकत नाही, ते ध्वनीपेक्षा अधिक वेगाने बाहेर वाहणारच. त्यांनी त्याला सौरवारा म्हटले. लेख ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे गेला. दोन्ही परीक्षकांनी तो नाकारण्याची शिफारस केली. संपादक होते सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. कल्पना त्यांनाही पटलेली नव्हती. पण परीक्षकांना गणितात चूक दाखवता आली नाही, हे त्यांनी पाहिले आणि लेख छापला. न पटलेला लेख छापणारा संपादक ही चीज दुर्मीळच.

३१ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेचा ‘एक्सप्लोरर-१’ उडाला. त्यात आयोवा विद्यापीठाच्या जेम्स व्हॅन ॲलन यांचा गायगर काउंटर होता. ठरावीक उंचीच्या वर गेले की तो काउंटर शून्य दाखवू लागे. अंतराळात एवढी सामसूम? मार्चमध्ये टेपरेकॉर्डर घेऊन ‘एक्सप्लोरर-३’ गेला, तेव्हा गुंता सुटला : कण नव्हते म्हणून शून्य आलेले नव्हते, तर कण इतके होते की यंत्र गुदमरून गप्प झाले होते. पृथ्वीच्या चुंबकाने धरून ठेवलेले कणांचे ते पट्टे आज व्हॅन ॲलन यांच्या नावाने ओळखले जातात. लगेच पुढच्या वर्षी थॉमस गोल्ड यांनी या साऱ्या प्रदेशाला नाव दिले. मराठीत आपण त्याला चुंबकावरण म्हणू. नाव ठरले, पण त्याची शीव कोठे आहे ते अजून कोणी पाहिलेले नव्हते.

रशियाच्या ‘ल्यूना-२’ने सप्टेंबर १९५९ मध्ये चंद्रावर जाऊन आदळण्यापूर्वी वाटेत धनभारित कणांचा प्रवाह मोजला, ते यंत्र कॉन्स्टंटिन ग्रिंगाउझ यांचे. पश्चिमेकडच्या पुस्तकांत सौरवाऱ्याच्या पडताळ्याचे श्रेय बहुधा अमेरिकेच्या ‘मरिनर-२’ला मिळते. शुक्राकडे जाताना १९६२ मध्ये त्याने महिनोन् महिने वारा मोजला, तो कधीच थांबत नाही हे दाखवले, आणि त्या कामात मार्शिया नॉयगेबाउअर यांचा मोठा वाटा होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिला स्पर्श ग्रिंगाउझचा, निर्णायक पुरावा ‘मरिनर’चा, एवढे म्हणायला शीतयुद्धानंतर तरी हरकत नसावी.

आता शिवेकडे. २५ मार्च १९६१ रोजी ‘एक्सप्लोरर-१०’ निघाला. त्याला सौरपट्ट्या नव्हत्या. बॅटरी संपली की काम संपले, आणि ती जेमतेम दोन दिवस पुरली. तो पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूकडे दूर गेला. ब्रुनो रॉसी यांच्या मॅसॅच्युसेट्समधील गटाचे कणमापक त्यावर होते. मिळालेली नोंद चक्रावून टाकणारी होती. काही काळ कण असत आणि चुंबकीय क्षेत्र अस्थिर असे. मग एकाएकी कण नाहीसे होत आणि क्षेत्र बळकट, शांत होई. मग पुन्हा कण. उपग्रह एका दिशेने सरळ चालला होता, तरी तो पुन:पुन्हा हद्द ओलांडतो आहे असे दिसत होते. याचा अर्थ एकच निघत होता. हद्द स्वतः हलत होती. भरती-ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर एका जागी उभे राहिलेल्या माणसाचे पाय कधी पाण्यात तर कधी वाळूत असावेत, तसा तो प्रकार होता.

खरी नोंद झाली ती ऑगस्टमध्ये सुटलेल्या ‘एक्सप्लोरर-१२’वर. हा उपग्रह लांबट कक्षेत फिरत असे आणि दर फेरीला सूर्याच्या बाजूला सुमारे ७७,००० किलोमीटर उंचीपर्यंत जाई. म्हणजे तो हद्दीतून एकदा नव्हे, फेरीमागून फेरी आत-बाहेर करणार होता. न्यू हॅम्पशायरच्या लॉरेन्स केहिल यांचे चुंबकमापक त्यावर होते आणि आयोवाचे कणमापकही. डिसेंबरच्या आरंभी उपग्रह मुका झाला. पण मिळालेल्या सुमारे सोळा आठवड्यांत चित्र स्पष्ट झाले होते. आतून बाहेर जाताना क्षेत्र अपेक्षेप्रमाणे कमी कमी होत जाई. हद्दीजवळ मात्र ते अपेक्षेच्या जवळपास दुप्पट भरे, कारण वारा त्याला दाबून धरीत होता. आणि मग अगदी थोड्या अंतरात ते कोसळे, त्याची दिशा बदले, बाहेर नुसती खळबळ. पृथ्वीने धरून ठेवलेल्या ऊर्जावान कणांची संख्याही तेथेच ढासळे. १३ सप्टेंबर १९६१ च्या फेरीवर फ्रीमन, व्हॅन ॲलन आणि केहिल यांनी १९६३ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला; चुंबकमापक आणि कणमापक ही दोन यंत्रे एकाच जागी बोट ठेवत होती, हे त्यातले महत्त्व. चॅपमन आणि फेरारो यांची पोकळी खरी होती आणि ती वादळापुरती नव्हती.

हद्द पृथ्वीच्या त्रिज्येच्या आठ ते बारापट अंतरात कोठेही आढळे. ती तेथेच का, याचे गणित साधे आणि सुंदर आहे, म्हणून थोडे थांबू. बाहेरून वाऱ्याचा दाब येतो, आतून चुंबकीय क्षेत्राचा. दोन्ही जेथे सारखे होतील तेथे शीव. पृथ्वीचे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते आणि चुंबकीय दाब क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असतो. म्हणजे अंतर दुप्पट झाले की आतला दाब चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. हेच उलट वाचले तर असे दिसते की वाऱ्याचा दाब दुप्पट झाला तरी हद्द फक्त अकरा टक्के आत सरकते. कुंपण चिवट आहे. एरवी एका घनसेंटिमीटरमध्ये जेमतेम पाच-सात कण असलेला, पण सेकंदाला चारशे किलोमीटर वेगाने येणारा हा वारा त्याला सहजी मागे रेटू शकत नाही.

सहजी नाही; पण कधी कधी रेटतो. दूरचित्रवाणीचे आणि हवामानाचे आपले भूस्थिर उपग्रह केंद्रापासून पृथ्वीच्या ६.६ त्रिज्यांवर असतात, म्हणजे नेहमी शिवेच्या बरेच आत. दहावरची शीव तेथवर आणायला वाऱ्याचा दाब सुमारे बारापट व्हावा लागेल. १४ जानेवारी १९६७ रोजी ‘एटीएस-१’ या भूस्थिर उपग्रहाच्या यंत्रांनी अचानक बाहेरचे, सूर्याकडून आलेले कण आणि उलट दिशेचे क्षेत्र नोंदवले. उपग्रह जागचा हलला नव्हता. कुंपणच त्याच्या डोक्यावरून आत गेले होते आणि काही काळ तो उघड्यावर पडला होता.

नोव्हेंबर १९६३ मध्ये ‘एक्सप्लोरर-१८’ गेला, चंद्राच्या निम्म्या वाटेपर्यंत. नॉर्मन नेस यांच्या चुंबकमापकाने शिवेच्याही पुढे, सूर्याकडे, आणखी एक पृष्ठभाग पक्का केला. बोटीच्या नाळेपुढे पाणी जसे उसळून दुभंगते, तसा सौरवारा पृथ्वीपुढे एका धक्क्यात मंदावतो, तापतो आणि मग शिवेला वळसा घालून जातो. तो तेथे असणार हे इयन ॲक्सफर्ड आणि पॉल केलॉग यांनी १९६२ मध्ये एकमेकांच्या नकळत सांगून ठेवले होते. रात्रीच्या बाजूला चुंबकावरणाची लांबच लांब शेपटी आहे हेही याच उपग्रहाने दाखवले. नकाशा झाला. पुष्कळांना वाटले, काम झाले.

पण एक प्रश्न शिल्लक होता, आणि मला विचाराल तर या साऱ्या इतिहासात तोच खरा. कुंपण जर इतके चोख आहे, तर ध्रुवीय आकाशात ते हिरवे-तांबडे पडदे कोण हलवते? चुंबकीय वादळांना ऊर्जा कोण पुरवते? बाहेरचे आत येते हे तर उघड होते. कोठून?

जेम्स डंजी हा इंग्रज गणिती केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचा विद्यार्थी. (हेच हॉइल पुढे आपल्या जयंत नारळीकरांचेही मार्गदर्शक झाले.) सूर्यावरचे स्फोट चुंबकीय क्षेत्र जेथे शून्य होते अशा जागांशी निगडित असावेत, ही रोनाल्ड जोव्हानेली या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाची कल्पना हॉइल यांच्या मनात घोळत होती. ती पृथ्वीच्या चुंबकत्वाला लावून पाहा, असे काम त्यांनी डंजीला दिले. डंजीने १९५० च्या सुमारास प्रबंध लिहिला. कल्पनेने पूर्ण आकार घेतला तो दहा वर्षांनी, जानेवारी १९६१ मध्ये, ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मधल्या अवघ्या दोन पानांत. लक्षात घ्या, ‘एक्सप्लोरर-१२’ अजून उडायचा होता. शीव सापडण्यापूर्वीच तिच्यात फाटक आहे असे हा माणूस सांगत होता.

त्याचे म्हणणे असे. सौरवारा एकटा येत नाही, सूर्याचे दुबळे चुंबकीय क्षेत्रही बरोबर वाहून आणतो. दिवसाच्या बाजूला शिवेजवळ पृथ्वीचे क्षेत्र उत्तरेकडे रोखलेले असते. वाऱ्यातले क्षेत्रही उत्तरेकडेच असेल तर दोघे शेजाऱ्यासारखे नांदतात. पण ते दक्षिणेकडे असेल, तर शिवेवर दोन विरुद्ध दिशांच्या बलरेषा समोरासमोर येतात, तुटतात आणि एकमेकींशी जोडल्या जातात. पृथ्वीची रेषा आता एका टोकाने पृथ्वीत आणि दुसऱ्या टोकाने सूर्याच्या वाऱ्यात. कुंपण तेवढ्यापुरते उघडे. वारा त्या रेषांना ध्रुवांवरून ओढीत शेपटीकडे नेतो, तेथे त्या पुन्हा जुळतात आणि उसळून पृथ्वीकडे परततात. या जोडणीत चुंबकीय ऊर्जा कणांना मिळते. पडदे हलतात ते त्यामुळे.

लोकांना हे फारसे पटले नाही. त्याच वर्षी ॲक्सफर्ड आणि कॉलिन हाइन्स यांनी दुसरा, अधिक घरगुती वाटणारा मार्ग सुचवला : वारा शिवेला घासत जातो आणि त्या घर्षणाने आतले द्रव्य ढवळले जाते. त्यासाठी कुंपण तोडावे लागत नाही. एका पिढीतले कितीतरी चांगले शास्त्रज्ञ बंद कुंपणाच्या बाजूचे होते, आणि त्यांची बाजू पोकळ नव्हती. रेषा ‘तुटतात’ म्हणजे नेमके काय? बलरेषा हा तर आपण कागदावर काढलेला आकार! प्लाझ्मा विजेचा जवळजवळ निर्दोष वाहक असेल, तर नियमाप्रमाणे रेषा त्यात गोठलेल्या राहायला हव्यात. तो नियम कोठे, कसा मोडतो, हे डंजीला सांगता येत नव्हते.

पहिला पुरावा जुन्याच कागदांतून निघाला. १९६६ मध्ये डोनाल्ड फेअरफिल्ड आणि केहिल यांनी ‘एक्सप्लोरर-१२’च्या नोंदी पुन्हा काढल्या आणि शिवेबाहेरचे क्षेत्र व ध्रुवाकडच्या वेधशाळांतले आलेख शेजारी ठेवले. बाहेर क्षेत्र दक्षिणेकडे असले की खाली खळबळ. उत्तरेकडे असले की शांतता. घर्षणाला दिशा कशाला कळायला हवी? हा मुद्दा बिनतोड होता; पण तो परिस्थितिजन्य होता. फाटकातून कोणी जाताना दिसले नव्हते.

दिसत का नव्हते, याचे कारण यंत्रांत होते. शिवेची जाडी काही शे किलोमीटर आणि ती सेकंदाला दहा-वीस, कधी त्याहून जास्त किलोमीटर वेगाने पुढे-मागे डोलते. उपग्रहावरून ती निघून जायला काही सेकंद लागतात. तेव्हाची कणमापके एक पुरे वाचन घेईपर्यंत ती येऊन गेलेलीही असे. दुसरी अडचण त्याहून मूलभूत. एकटा उपग्रह फक्त बदल पाहतो. तो बदल आपण पुढे सरकलो म्हणून झाला की जागा तीच राहून काळानुसार झाला, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

म्हणून दोघे पाठवले. २२ ऑक्टोबर १९७७ रोजी ‘आयसी-१’ आणि ‘आयसी-२’ एकाच कक्षेत, एकामागे एक सोडले गेले. एक अमेरिकेचा, दुसरा युरोपचा. मधले अंतर बदलता येत होते. हद्द आधी कोणाला आणि मग कोणाला लागली, यावरून तिचा वेग आणि जाडी प्रथमच खात्रीने मोजता आली. ८ सप्टेंबर १९७८ च्या एका फेरीत गार्चिंगच्या गोट्झ पाशमान यांच्या गटाला हवे ते सापडले : शिवेच्या आतल्या थरात प्लाझ्माचा झोत, शेजारच्या प्रवाहापेक्षा कितीतरी वेगवान. जोडणी होत असेल तर कण किती वेगाने भिरकावले जातील हे सिद्धान्त सांगत होता. मोजलेला वेग त्याच्याशी जुळला. लेख १९७९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्याच सुमारास क्रिस्टोफर रसेल आणि रिचर्ड एल्फिक यांनी दाखवले की फाटक पुष्कळदा सलग उघडे नसते, थोडा वेळ उघडते, मिटते, आणि प्रत्येक वेळी जोडल्या गेलेल्या रेषांची एक मोळी शिवेवरून घरंगळत जाते. डंजीच्या दोन पानांना अठरा वर्षे झाली होती.

फाटक आहे, हे ठरले. बिजागरी कशी चालते ते राहिले.

त्यासाठी दोन उपग्रहही पुरत नाहीत. अवकाशाला तीन मिती; काय कोणत्या दिशेने बदलते हे सांगायला किमान चार बिंदू हवेत, चौफलकाच्या कोपऱ्यांवर ठेवल्यासारखे. युरोपने ‘क्लस्टर’ नावाचे चार उपग्रह बांधले. ४ जून १९९६ रोजी नव्या ‘आरियान-५’ या अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात ते बसवले आणि चाळीस सेकंदांच्या आत सगळे संपले. दिशादर्शक प्रणालीतला संगणकाचा एक तुकडा जुन्या ‘आरियान-४’वरून तसाच उचलला होता, नव्या बाणाचा वेग जास्त, ६४ बिटांतली एक संख्या १६ बिटांत मावली नाही, प्रणाली बंद पडली आणि बाण भरकटून फुटला. काही शास्त्रज्ञांची दहा-दहा वर्षे त्या चिखलात विखुरली होती. उरलेल्या सुट्या भागांतून एक उपग्रह जोडला गेला, त्याचे नाव ठेवले ‘फिनिक्स’. पण एकट्याने भागणार नव्हतेच. अखेर चारही नव्याने उभे राहिले आणि २००० च्या जुलै-ऑगस्टमध्ये रशियन सोयूझ बाणांवरून बैकानूरहून गेले. रुंबा, साल्सा, सांबा, टँगो अशी नृत्यांची नावे घेऊन ते वीस वर्षांहून अधिक काळ शिवेवर येरझाऱ्या घालत राहिले. साल्सा ८ सप्टेंबर २०२४ रोजी दक्षिण प्रशांत महासागरावर जळून गेला.

‘क्लस्टर’ने शिवेवरच्या लाटा, भोवरे आणि जोडणीच्या जागेभोवतीचा प्रदेश तपशिलाने दाखवला. गाभा मात्र हुलकावणी देत राहिला. याचे कारण कणांच्या वजनात आहे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनहून सुमारे १,८३६ पट जड. चुंबकीय क्षेत्रात तो मोठ्या वर्तुळांत फिरतो आणि म्हणून क्षेत्रापासून त्याची फारकत लवकर, पन्नास-शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात होते. इलेक्ट्रॉन अखेरपर्यंत रेषेला चिकटून राहतो. रेषा खऱ्या अर्थाने तुटायची तर त्यानेही तिला सोडले पाहिजे, आणि ते घडते अवघ्या काही किलोमीटरच्या जागेत. चौसष्ट हजार किलोमीटर दूर, सतत डोलणाऱ्या पडद्यातली काही किलोमीटरची जागा! ती उपग्रहावरून सरकायला सेकंदाचा अंश पुरतो, आणि ‘क्लस्टर’चे कणमापक उपग्रहाच्या एका गिरकीला, म्हणजे चार सेकंदांना, एक पूर्ण चित्र घेई.

अमेरिकेची ‘एमएमएस’ ही मोहीम मार्च २०१५ मध्ये गेली. पुन्हा चार उपग्रह. या वेळी गिरकीची वाट न पाहता सर्व दिशांना एकाच वेळी पाहतील अशी इलेक्ट्रॉनमापके प्रत्येकाच्या चहूबाजूंना बसवलेली. दर ३० मिलिसेकंदांना एक पूर्ण चित्र, म्हणजे पूर्वीपेक्षा शंभरपटींहून अधिक वेगाने. चौघांमधले अंतर दहा किलोमीटरपर्यंत खाली आणले. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी ते चौघे दिवसाच्या शिवेवर थेट त्या गाभ्यातून गेले. इलेक्ट्रॉनांच्या वेगांचा आलेख तेथे चंद्रकोरीच्या आकाराचा निघाला. एका बाजूच्या क्षेत्रातून सुटून दुसऱ्या बाजूला वळता वळता उरलेली ती कोर म्हणजे इलेक्ट्रॉनांनी रेषा सोडल्याची खूण होती. जिम बर्च आणि त्यांच्या मोठ्या गटाने २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे ११ जुलै २०१७ रोजी याच चौघांना रात्रीच्या बाजूला, शेपटीत, दुसरी जोडणीही सापडली. डंजीच्या चित्रातली ती दुसरी जागा.

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथून आकाशात तांबडी झाक दिसली आणि तिची छायाचित्रे आपल्यापैकी पुष्कळांनी मोबाईलवर पाहिली. त्या वेळी वाऱ्याबरोबर आलेले क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले होते.

डंजीला ही चंद्रकोर पाहता आली नाही. १९२३ मध्ये जन्मलेला हा माणूस मे २०१५ मध्ये वारला. ‘एमएमएस’चे चौघे तेव्हा कक्षेत पोहोचून दोन महिने झाले होते, त्यांची यंत्रे एकामागून एक सुरू करून पाहण्याचे काम चालू होते.